ब्रेकआउटला एंट्री कधी घ्यायची? आधी एसएल कुठे ते सांगा

प्रश्न मोठा होता, बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून थोडक्यात परत लिहितो. तुम्ही नोकरी करता, चार लाख बाजूला काढून स्विंग ट्रेडिंग (शेअर काही दिवस किंवा आठवडे ठेवून विकणं) करताय, डेली चार्टवर असेंडिंग ट्रायअँगल, कप अँड हँडल, डबल बॉटम असे पॅटर्न, म्हणजे भावाच्या आलेखातले आकार, शोधता आणि तीन वेळा तीन वेगवेगळ्या प्रकारे मार खाल्लाय. पहिल्या वेळी सकाळी साडेनऊला लाइन, म्हणजे ज्या भावावरून शेअर परत परत खाली वळतो ती पातळी, तुटताना दिसली (हाच ब्रेकआउट) म्हणून घेतलं, दुपारपर्यंत भाव परत लाइनच्या खाली. दुसऱ्या वेळी शहाणपणा करून रिटेस्टची, म्हणजे भाव तुटलेल्या लाइनपर्यंत परत येण्याची, वाट बघितली, तो पठ्ठ्या परत आलाच नाही. तिसऱ्या वेळी क्लोजिंग बघून नियमाने घेतलं तर दोन दिवसात लोअर सर्किट (एका दिवसात भाव जास्तीत जास्त जितका पडू शकतो ती मर्यादा), एसएल (स्टॉप-लॉस, तोटा थांबवायला ठरलेल्या भावाला विकायची ऑर्डर) लावलेला असून माल विकलाच गेला नाही, आणि तो अजून तुमच्याकडे आहे. आता विचारताय की नक्की कधी घ्यायचं, तुटताना, क्लोजिंगला का रिटेस्टला.

पहिली गोष्ट, सर वगैरे म्हणू नका. मी 2006 पासून मार्केटमध्ये आहे, सुरुवातीची काही वर्षं एका सब-ब्रोकरच्या ऑफिसात टर्मिनलवर बसून लोकांचे सौदे टाकायचो, एफ वन दाबलं की खरेदी आणि एफ टू दाबलं की विक्री, एवढीच माझी शाळा. आता स्वतःचेच पैसे फिरवतो, तेही बहुतेक डेली आणि वीकली चार्टवर. सेबीकडे (शेअर बाजाराची नियामक संस्था) सल्लागार म्हणून रजिस्टर्ड नाही, त्यामुळे शेअरचं नाव मागू नका, मी देणार नाही. पद्धत सांगतो, ती तुमच्या स्वभावाला आणि नोकरीच्या वेळेला जमते का ते तुमचं तुम्ही बघा.

आता खरी अडचण. तुमचे तिन्ही ट्रेड तुम्ही कितीला घेतले ते रुपया-पैशासकट लिहिलंय. पण कुठे बाहेर पडणार होतात ते फक्त तिसऱ्यात लिहिलंय, आणि किती क्वांटिटी घेतली आणि का, ते एकातही नाही. म्हणजे घरात शिरायचं दार शोधताय, बाहेर पडायचं दार कुठे आहे ते माहीतच नाही. चार्ट पॅटर्नचा मला एवढ्या वर्षात जो काही उपयोग झाला तो एकाच कामासाठी, की माझं चुकलंय हे मला कुठल्या भावाला कबूल करावं लागेल ते तो आधीच सांगतो. शेअर वर जाणार का हे तो सांगत नाही, कोणीच सांगत नाही. पण चुकीचा भाव एकदा ठरला की त्यापासून किती लांब घेतलेलं परवडतं ते गणिताने निघतं, आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्या गणितात आहे.

थोडं मागे जातो, कारण ही लाइन चालते का हे कळल्याशिवाय पुढचं पटणार नाही. समजा एक पंप बनवणारी मिडकॅप, म्हणजे मध्यम आकाराची, कंपनी आहे, उदाहरणच आहे, शोधायला जाऊ नका. शेअर 480 ला गेला आणि 432 पर्यंत पडला. 480 च्या आसपास ज्यांनी घेतलं ते अडकले. हे अडकलेले लोक रोज रात्री एकच जप करतात, माझे पैसे निघाले की सुटलो. मग शेअर परत 480 ला आला की ते सुटायला धावतात, म्हणून तिथून परत पडतो. पण यावेळी 432 पर्यंत येत नाही, 447 लाच कोणीतरी उचलतो. परत 480, परत विक्री, आता 463 लाच थांबतो. काय झालं बघा, वर विकणारे तेच आहेत पण दर फेरीत कमी उरलेत, आणि खाली घेणारे दर फेरीत जास्त घाई करतायत. ह्यालाच पुस्तकात असेंडिंग ट्रायअँगल म्हणतात. मी ऑफिसात असताना एक म्हातारे गुजराती काका यायचे, त्यांना असली नावं माहीत नव्हती, ते म्हणायचे "माल पचतोय". मला अजूनही त्याहून चांगलं नाव सापडलेलं नाही.

तर माल पचतोय ही आपली समजूत. ती चुकीची कधी ठरेल? शेअर 463 च्या खाली गेला तर. कारण मग "घेणारे दर फेरीत वरचढ होतायत" हे खोटं पडलं. म्हणून एसएल 461, दोन रुपये खाली, कारण बरोब्बर 463 ला सगळ्या जगाचे एसएल असतात. माझ्या खिशाला दहा टक्के परवडतात म्हणून दहा टक्क्यांचा एसएल, असं नाही, चार्टला जिथे दुखतं तिथे एसएल. खिशाचं काम क्वांटिटी करते.

आता तुमचे चार लाख घेऊ. एका ट्रेडमध्ये एक टक्का गमवायची तयारी, म्हणजे 4000 रुपये. पॅटर्नची उंची 480 वजा 432 म्हणजे 48, ती 480 वर चढवली की 528 टार्गेट, पुस्तकी हिशोब आहे, मी फार मानत नाही पण तुलना करायला बरा पडतो.

क्लोजिंगला 487 ला घेतलं: एसएल 26 रुपये लांब. 4000 भागिले 26, म्हणजे 153 शेअर, साधारण 74500 रुपये लागले. टार्गेट 41 रुपये लांब. दीडपटीच्या जरा वर, चालेल.

तुम्ही ऑफिसात होतात, रात्री चार्ट बघितला, दुसऱ्या दिवशी सकाळी तो गॅपअप, म्हणजे आदल्या बंद भावापेक्षा एकदम वर, उघडला आणि 505 ला घेतला: एसएल तिथेच 461, म्हणजे 44 रुपये लांब. शेअर येतील फक्त 90. आणि टार्गेट उरलं 23 रुपये. 44 गमवायची तयारी ठेवून 23 कमवायला निघालात. हे वरातीमागून घोडं, मी घेत नाही.

रिटेस्टला 482 ला मिळाला: एसएल 21 रुपये, 190 शेअर, टार्गेट 46. रिस्कच्या दुपटीहून जास्त. सगळ्यात सुंदर ट्रेड, फक्त तो मिळायला पाहिजे.

आणि एक चौथा प्रकार, ज्याचा तुम्ही विचारच केला नाहीत, लाइन तुटायच्या आधी आतूनच घेणं, शेअर 463 वरून वळून 470 ला आला तेव्हा. एसएल फक्त 9 रुपये. गणित म्हणेल 444 शेअर घे, म्हणजे दोन लाखांच्या वर, अर्धं भांडवल एका शेअरमध्ये. इथे गणिताचं ऐकायचं नाही. रात्रीतून काही बातमी आली आणि शेअर 440 ला उघडला तर तुमचा 9 रुपयांचा एसएल 30 रुपयांचा होतो. म्हणून माझा दुसरा नियम, एसएल कितीही जवळ असो, एका शेअरमध्ये भांडवलाच्या पाव भागापेक्षा जास्त नाही. तुमच्या बाबतीत एक लाख, म्हणजे 212 शेअर, बास.

आता लोक नेमकं काय करतात ते सांगतो, मीही केलंय. चार लाखांचे चार तुकडे करतात, प्रत्येक शेअरमध्ये सरसकट एक लाख. 505 ला एक लाखाचे 198 शेअर, एसएल हिट झाला की 8700 रुपये गेले. 482 ला घेतला असता तर 207 शेअर, एसएलला 4300 गेले असते. शेअर तोच, पॅटर्न तोच, चूक पण तीच, पण उशिरा घेतल्याचा दंड दुप्पट. आणि मग माणूस म्हणतो पॅटर्न चालत नाहीत.

म्हणून तुटताना का क्लोजिंगला का रिटेस्टला, ह्याला माझं उत्तर असं आहे की एसएलपासून जितक्या लांब घेताय तितके शेअर कमी करा, आणि एका मर्यादेपलीकडे लांब असेल तर सोडून द्या. नोकरीवाल्याला मी क्लोजिंगचीच एंट्री सुचवतो, म्हणजे दुपारी तीन दहा ते तीन पंचवीसच्या मधे, शेअर लाइनच्या वर आहे आणि दिवसाच्या हायच्या जवळ आहे असं दिसलं तर निम्मी क्वांटिटी. उरलेली निम्मी रिटेस्टसाठी ठेवायची, लाइनच्या जरा वर ऑर्डर लावून. परत आला तर सरासरी चांगली पडते, नाही आला तर निम्मी तरी आत आहे, तुमच्या दुसऱ्या ट्रेडसारखं गाडी सुटल्यावर प्लॅटफॉर्मवर हात चोळत उभं राहायला नको. ज्यांना तीनच्या सुमारास मोबाईल हातात घेता येत नाही, मीटिंग असते, मशीनवर असतात, शिकवत असतात, त्यांनी सरळ दुसऱ्या दिवशीचा विचार करावा पण कमाल भाव आदल्या रात्रीच वहीत लिहून ठेवावा. वरच्या उदाहरणात मी 492 लिहिला असता. सकाळी त्याच्या वर उघडला तर त्या दिवशी अ‍ॅप उघडायचंच नाही.

क्लोजिंगवर माझा एवढा भर का, त्याची एक जुनी जखम आहे. निफ्टीने जानेवारी 2008 मध्ये 6357 चा हाय केला होता, नंतर काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. नोव्हेंबर 2010 मध्ये परत 6338 पर्यंत आला आणि वळला. 2013 च्या नोव्हेंबरातही 6300 च्या वर टिकेना. म्हणजे जवळजवळ सहा वर्षांची लाइन, असला पॅटर्न दहा वर्षात एकदा दिसतो. मग रविवारी 8 डिसेंबर 2013 ला चार राज्यांचे निकाल लागले, राजस्थान, मध्य प्रदेश, छत्तीसगड, दिल्ली, आणि सोमवारी सकाळी मार्केट गॅपने उघडलं, निफ्टीने 6415 दाखवला, आयुष्यातला नवा हाय. ऑफिसात पेढे आले होते, खोटं नाही सांगत. मी निफ्टी फ्युचरचे (पुढच्या तारखेच्या सौद्याचे) दोन लॉट 6400 च्या आसपास घेतले, तेव्हा लॉट 50 चा होता. एसएल? सहा वर्षांचा ब्रेकआउट आहे, एसएल कसला लावताय.

त्या दिवशी निफ्टी बंद झाला 6363 ला. आदल्या दिवसापेक्षा शंभर पॉइंट वरच, त्यामुळे टीव्हीवर आनंदीआनंद, पण सकाळच्या हायपासून पन्नास पॉइंट खाली. म्हणजे सकाळी धावत घेणारा प्रत्येक जण संध्याकाळी तोट्यात होता, आणि ते मला दिसत असून दिसलं नाही. शुक्रवारपर्यंत 6200 तुटला. मी वीसेक हजार घालवून बाहेर पडलो, आणि फेब्रुवारीत निफ्टी 6000 च्या पण खाली गेला तेव्हा स्वतःची पाठ थोपटली.

गंमत पुढे आहे. मार्च 2014 च्या पहिल्या आठवड्यात तोच निफ्टी गुपचूप 6400 वर बंद द्यायला लागला, 7 मार्चला 6526 ला बंद. ना निकाल, ना पेढे. हा खरा ब्रेकआउट होता, मे महिन्यात 7000 पार झाला. आणि मी? दुधाने तोंड पोळलेला माणूस ताक फुंकत बसला. एकही लॉट घेतला नाही. डिसेंबरला वीस हजार गेले त्याचं दुःख मला फार नाही, मार्चला हात बांधून बसलो त्याचं आहे. डिसेंबरला एसएल लावून चार-पाच हजारात सुटलो असतो तर मार्चला परत घ्यायची हिंमत राहिली असती. छोटा तोटा घेण्याचा खरा फायदा मला तेव्हा कळला, पुढच्या वेळेला हात थरथरत नाही.

ह्यातून मी काय बघायला लागलो ते सांगतो. बातमीच्या गॅपने तुटलेली लाइन आणि शेअरने स्वतःच्या पायाने चालत येऊन तोडलेली लाइन ह्यात मी दुसरीला मान देतो. तुटायच्या आधीचे चार-सहा दिवस शेअर लाइनला चिकटून लहान लहान कँडल (चार्टवरचे दिवसाच्या भावाचे खांब) करत असेल तर अजून बरं, कारण विकणारे संपत आलेत. आणि तुटण्याच्या दिवशी तो दिवसाच्या रेंजच्या वरच्या भागात बंद व्हायला पाहिजे. तुमचा पहिला ट्रेड, साडेनऊचा, ह्या तिन्हीत नापास आहे असं मला तुमच्या वर्णनावरून वाटतं, चार्ट मी बघितलेला नाही. सकाळच्या पहिल्या पंधरा-वीस मिनिटात रात्रभरच्या ऑर्डरी आणि घाबरलेले-हावरट दोन्ही एकत्र येतात, त्या वेळेला लाइन तुटली याला माझ्या लेखी काही किंमत नाही.

व्हॉल्यूमबद्दल, म्हणजे दिवसात किती शेअरची उलाढाल झाली त्याबद्दल, तुम्ही विचारलंय. हो, ब्रेकआउटच्या दिवशी व्हॉल्यूम नेहमीपेक्षा ठळक वाढलेला हवा, मी वीस दिवसांच्या सरासरीच्या निदान दुप्पट बघतो. पण नुसता लाल-हिरवा खांब बघून भुलू नका. एखाद्या दिवशी कुठल्यातरी फंडाने दुसऱ्याला मोठा ब्लॉक, म्हणजे एकगठ्ठा शेअर, दिला तर खांब आभाळाला टेकतो, इंडेक्समधे शेअर घालतात-काढतात त्या दिवशी शेवटच्या अर्ध्या तासात तसंच होतं. त्यात तुमच्या पॅटर्नचा काही संबंध नसतो. संध्याकाळी एनएसईच्या साइटवर बल्क डील, ब्लॉक डील आणि डिलिव्हरीचा टक्का (किती शेअर खरंच घेणाऱ्याच्या खात्यात गेले) दिसतो, दोन मिनिटं लागतात. व्हॉल्यूम तिप्पट पण डिलिव्हरी नेहमीच्या निम्मी असेल तर दिवसभर इंट्राडेवाल्यांनी, त्याच दिवशी घेऊन विकणाऱ्यांनी, चेंडू टोलवलाय, माल कोणी घरी नेलेला नाही.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते, कारण वरचं सगळं बरोबर करूनही फेल जातं. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे एकूण मार्केट. सप्टेंबर 2024 च्या शेवटी निफ्टीने 26277 चा टॉप केला आणि मार्च 2025 ला 22000 च्या आसपास आला. त्या पाच महिन्यात मी घेतलेले ब्रेकआउट एकामागून एक झोपले, चांगले चांगले, पुस्तकात छापावे असे. पॅटर्न बदलले नव्हते, मी बदललो नव्हतो, हवा बदलली होती. लागोपाठ चार एसएल गेले की मी क्वांटिटी निम्मी करतो, अजून दोन गेले की पाव, कारण हवा बदललीय हे मला बातम्यांपेक्षा माझ्या वहीवरून लवकर कळतं. उलट तेजीत बेढब, वाकडे पॅटर्नही धावतात आणि माणसाला वाटतं आपण मोठे तज्ज्ञ झालो.

दुसरं, निकालाची तारीख. तिमाही संपल्यापासून 45 दिवसात कंपनीला निकाल द्यावा लागतो, वार्षिकला 60, म्हणून जुलै मध्य ते ऑगस्ट मध्य, ऑक्टोबर मध्य ते नोव्हेंबर मध्य असे हंगाम असतात. बोर्ड मीटिंगची तारीख एक्सचेंजच्या साइटवर आधी लागते. दोन दिवसांनी निकाल असताना ब्रेकआउट घेणं म्हणजे पॅटर्नवर नाही, निकालावर पैसे लावणं. मी निकाल होऊ देतो. त्यापायी काही चांगले ट्रेड सुटतात, सुटू देत.

तिसरं, सर्किटचा बँड, म्हणजे एका दिवसात भाव किती टक्के वर-खाली जाऊ शकतो ती मर्यादा, आणि इथे तुमचा तिसरा ट्रेड येतो. तुम्ही पॅटर्न बघितलात, क्लोजिंग बघितलंत, व्हॉल्यूमही बघितलात, पण शेअर 5 टक्क्यांच्या बँडमधे होता ते बघितलं नाहीत. बँड 2, 5, 10 आणि 20 टक्क्यांचे असतात, फ्युचर-ऑप्शनमधे जे शेअर आहेत त्यांना असा कायमचा बँड नसतो. 5 टक्केवाल्याची गोची अशी की चांगली बातमी आली तर अप्परला अडकतो, तुम्हाला मिळत नाही, आणि वाईट आली तर लोअरला अडकतो, विकायला हजारोंची रांग आणि घेणारा कोणी नाही. तुमचा एसएल ट्रिगर झाला असणार, ऑर्डर रांगेत लागली असणार, पण समोर खरेदीदारच नव्हता. त्यात ब्रोकरची चूक नाही आणि पॅटर्नची पण नाही. असल्या शेअरमधे चार्टवर काढलेला एसएल हा नुसता कागदावरचा असतो. मी 5 टक्के बँडमधे पॅटर्न बघतच नाही, 10 मधेही क्वचित, आणि एएसएम (एक्सचेंजची जादा देखरेख) किंवा ट्रेड टू ट्रेडमधे (जिथे त्याच दिवशी घेऊन विकता येत नाही) टाकलेला शेअर तर यादीतूनच काढतो. दिवसाची उलाढालही बघा, माझी ऑर्डर जर दिवसाच्या उलाढालीत डोळ्यात भरण्याएवढी होत असेल तर तो शेअर माझ्यासाठी नाही.

ऑर्डर कशी लावायची हेही बऱ्याच जणांचं चुकतं म्हणून एक बारीक गोष्ट. जीटीटीने (ठरलेला भाव येईपर्यंत ब्रोकरकडे लावून ठेवलेली ऑर्डर) एसएल लावताना ट्रिगर, म्हणजे ज्या भावाला ऑर्डर जागी होते तो, 461 आणि लिमिट, म्हणजे ज्याच्या खाली विकायचं नाही तो भाव, पण 461 किंवा 460.50 ठेवतात. एखाद्या दिवशी शेअर 455 ला उघडला तर ट्रिगर होतो, 460.50 ला विक्रीची ऑर्डर जाते, पण बाजारात भाव 455 आहे, ती ऑर्डर तशीच लटकते आणि शेअर अजून खाली जातो. संध्याकाळी तुम्ही बघता तर माल हातात आणि तोटा दुप्पट. म्हणून लिमिट ट्रिगरच्या चांगलं खाली ठेवा, 461 ला ट्रिगर तर 447-448 ला लिमिट, विक्री सहसा जो भाव बाजारात असेल त्यालाच होते, लिमिटला नाही, म्हणून त्यात सहसा तुमचं काही जात नाही. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी एकदा बघा की जीटीटी जिवंत आहे का, बोनस, स्प्लिट असं काही असलं की बऱ्याच ठिकाणी त्या रद्द होतात.

त्यावरून आठवलं, चार्ट अ‍ॅडजस्ट केलेला आहे का ते तपासत जा. रिलायन्समधून जिओ फायनान्शियल वेगळी झाली तेव्हा, 20 जुलै 2023 ला, आदल्या दिवशीचा बंद 2841.85 आणि स्पेशल प्री-ओपनमधे (बाजार सुरू व्हायच्या आधी भाव ठरवायची वेळ) भाव निघाला 2580. शेअर पडला नव्हता, एक तुकडा वेगळा झाला होता. अशा वेळी एका अ‍ॅपवर जुने भाव खाली ओढलेले दिसतात आणि दुसऱ्यावर भला मोठा खड्डा दिसतो, मग एकाच शेअरची रेझिस्टन्स लाइन (भाव जिथून खाली वळतो ती) दोन मित्रांच्या मोबाईलवर दोन ठिकाणी. सपोर्ट, म्हणजे जिथे भाव पडायचा थांबतो ती पातळी, तुटला म्हणून घाबरून विकणारे तेव्हाही होते.

खर्चाचं थोडक्यात. डिलिव्हरीत घेताना 0.1 टक्का आणि विकताना 0.1 टक्का एसटीटी (शेअरच्या सौद्यावरचा कर), म्हणजे वरच्या 74500 च्या ट्रेडला दीडशे रुपये तिथेच, शिवाय स्टॅम्प ड्युटी, डीपी चार्ज (विकताना डीमॅट खात्यातून शेअर काढायचा आकार), आणि नफा झाला तर 23 जुलै 2024 पासून शॉर्ट टर्मला 20 टक्के कर. म्हणून दोन-तीन टक्क्यांच्या टार्गेटसाठी स्विंग ट्रेड करण्यात मला रस नाही.

दहापैकी किती बरोबर यायला पाहिजेत असं विचारलंत. माझे निम्म्याहून जास्त चुकतात, स्पष्ट सांगतो. सहा चुकले, प्रत्येकी 4000 गेले, 24000. चार बरोबर आले आणि सरासरी अडीच पट दिले, 40000. तरी 16000 हातात. पण हे गणित एका अटीवर टिकतं, सहाच्या सहा तोटे 4000 च्या आसपासच राहिले पाहिजेत. त्यातला एक जरी 20000 चा झाला की वर्षभराची मेहनत तिथेच बरोबरीत. तुमचा तिसरा ट्रेड नेमका तो एक आहे.

हेच सगळं पाच मिनिटांच्या चार्टवर चालेल का, असा तुमचा खालचा उपप्रश्न. चालतं म्हणणारे खूप भेटतील. सेबीने जुलै 2024 मध्ये पाहणी काढली होती, 2022-23 या वर्षात कॅश मार्केटमधे इंट्राडे करणाऱ्या दर दहापैकी सात जणांना तोटा झाला होता, आणि वर्षाला पाचशेच्या वर ट्रेड करणाऱ्यांत ते प्रमाण ऐंशी टक्के होतं. नोकरी सांभाळून, बॉसच्या नजरेआड मोबाईलवर, तुम्ही त्या उरलेल्यांत असाल का हे तुम्हीच ठरवा. मी स्वतः पूर्ण वेळ बसूनही ते सोडलं.

शेवटी तो हातात असलेला शेअर. तुम्ही लिहिलंय की लोअर सर्किट लागून आता 18 टक्के खाली आहे आणि जवळच डबल बॉटम होतोय असं वाटतं, तर खालच्या भावाला अजून घेऊन अ‍ॅव्हरेज करू का. ज्या पॅटर्नवर घेतला होता तो मोडला त्याच दिवशी ते कारण संपलं, आता जो डबल बॉटम दिसतोय तो तुम्हाला दिसावासा वाटतोय म्हणून दिसतोय. एक करून बघा, कंपनीचं नाव झाकून तो चार्ट बायकोला किंवा एखाद्या मित्राला दाखवा आणि विचारा, आज नव्याने पैसे असते तर घेतला असतास का, बँड 5 टक्के आहे हेही सांगा. माझं म्हणाल तर पहिल्यांदा लोअर सर्किट उघडून जरा उलाढाल दिसली की निम्मा विकतो आणि उरलेल्याला हल्लीच्या लो खाली एसएल लावतो. उद्या सकाळी नऊच्या प्री-ओपनला खरेदी-विक्रीची रांग कशी दिसते ते बघा आणि आकडे इथेच टाका, मग पुढचं बोलू.